उंच काच घेण्याआधी हे करून बघा

दादा, निपाणीच्या हायवेला 80 च्या पुढं गेलं की हेल्मेट थडथडतं, म्हणून बाईकच्या पुढं मिळेल ती सगळ्यात उंच काच (विंडशील्ड) बसवायची म्हणताय. जरा थांबा. डोकं हलतं ते काचेच्या वरच्या कडेवरून सुटणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्यांनी. मोकळ्या सरळ रस्त्यावर बेतानं फूटरेस्टवर किंचित उभं राहून बघा. डोकं स्वच्छ वाऱ्यात गेल्यावर थडथड थांबली, तर दोष काचेच्या उंचीचा किंवा कोनाचा. मग आखूड काचसुद्धा आराम देते, आणि काचेखाली थोडी फट असली की आतून हवा येऊन भोवरे मंदावतात.

आपल्याकडं खरा प्रश्न पावसाचा. वरची कड नाका-हनुवटीच्या पातळीला हवी. नजर काचेवरून जायला पाहिजे, काचेतून नाही. चोर्ला घाटात रात्री समोरून ट्रक आला तेव्हा माझ्या ओल्या काचेत नुसता उजेड पसरला, रस्ता दिसेनाच. फार घाबरलो होतो. आठवड्यात काच कापून घेतली.

हार्ड कोटिंगवालं (ओरखडे कमी पडावेत म्हणून वर थर दिलेलं) पॉलिकार्बोनेट, म्हणजे चिवट प्लॅस्टिक, घ्या. ॲक्रिलिक दगड लागला की तडकतं. पेट्रोलचं फडकं मात्र पॉलिकार्बोनेटला कधीच लावू नका, बारीक तडे जातात.