निवृत्तीची पुंजी: पाटल्या, वेढणी की चांदीची वीट?

शाळेच्या बाई, तासगाव

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून मी मे अखेरीस निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीतून घराचं कर्ज फेडलं, तरी आठ लाख उरलेत. पेन्शनवर माझं एकटीचं भागतं. हे पैसे फार वाढावेत असंही नाही, पण दहा-बारा वर्षांनी त्यांत आज जेवढं येतं तेवढं तरी यावं.

वन्सं म्हणतात, पाटल्या-तोडे कर, अंगावरही राहतील. धाकटा भाऊ म्हणतो, चांदीची वीट घे, चांदी सोन्यापेक्षा जोरात पळते. मुलगा ईटीएफ सांगतो, म्हणजे शेअरबाजारातून घ्यायचं कागदी सोनं, पण जे हातात धरता येत नाही त्याला सोनं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

भीती बसलीय ती एका प्रसंगाने. २०१६ मध्ये यजमानांच्या ऑपरेशनसाठी आईची बोरमाळ मोडली. आईच्या वहीत तिच्या हातचं लिहिलेलं होतं, ‘बोरमाळ, दीड तोळा’. सराफाने माझ्यासमोर मणी चेपले, तर आतून तपकिरी लाखेचा भुगा पडला. आटवून उरलं नऊ ग्रॅम, वर टंचही, म्हणजे सोन्याचा कसही, कमी लागला. दवाखान्यात अनामत भरायची होती, घासाघीस करायला वेळ नव्हता. मिळतील ते पैसे घेऊन निघाले. आईला फसवलं होतं का, हे अजून मनात आहे.

तराजू, सांगली

ताई, सराफ कट्ट्यावर मी सव्वीस वर्षं काउंटरला होतो, म्हणून आधी बोरमाळेचं सांगतो. बोरमाळेचा मणी म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ वाटोळी गोळी. आत लाख नसेल तर ती बोटाने चेपते. लाख घालणं ही लबाडी नव्हे, ती घडवायची रीतच आहे. चूक असते ती लाखेसकट वजन लिहून देण्याची. पावतीवर ढोबळ वजन वेगळं, लाख वेगळी आणि निव्वळ सोनं वेगळं असायला हवं. जुन्या पावत्यांवर हे क्वचितच दिसतं. तुमच्या आईने दुकानातून आल्यावर तेच वजन वहीत उतरवलं असणार. तुम्ही ज्या घाईत मोड करायला गेलात, त्या घाईत येणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. समोरच्याच्या चेहऱ्यावर ती घाई दिसली की काउंटरवरचा माणूस भाव सोडत नाही, हे मला आज कबूल करायला हवं.

आता पाटल्यांचा हिशेब बघा. शंभर रुपयांच्या सोन्यावर बारा टक्के घडणावळ धरली की झाले एकशे बारा. त्यावर तीन टक्के जीएसटी, म्हणजे एकशे पंधरा रुपये छत्तीस पैसे. उद्या मोडायला गेलात तर घडणावळ आणि कर दोन्ही गेले, वर घट म्हणून दोन टक्के. हातात अठ्ठ्याण्णव. भाव सतरा-अठरा टक्के चढेपर्यंत तुमची पुंजी जागेवरच येत नाही. पाटल्या हौसेने करा, लेकी-सुनांसाठी करा. पुंजी म्हणून करू नका.

आपल्याकडच्या बायका गुरुपुष्यामृताला ग्रॅम-दोन ग्रॅमची वेढणी घेतात, ती रीत फार शहाणी आहे. चोख सोन्याची साधी तार, मजुरी किरकोळ, लाख नाही, सांधे जोडायची डाक नाही. अडीनडीला आठातली दोनच मोडता येतात. पाटली अर्धी मोडता येत नाही.

दागिना घेतलात तर तीन खुणा बघाच: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, २२ कॅरटसाठी ९१६ आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर घालून दुकानातच पडताळा. आणि बँकेतून नाणं घेऊ नका. बँक विकते, पण परत घेत नाही.

पैंजण, हुपरी

बाई, भावाचं ऐकून पूर्ण रक्कम चांदीत घालू नका. आमच्या गावात घरोघर पैंजणाचं काम चालतं, चांदीचा भाव चुलीपर्यंत येतो. एप्रिल २०११ मध्ये चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर गेली तेव्हा माझ्या वडिलांनी दोन किलो धरून ठेवली. २०१५ संपताना ती चौतीस हजारांच्या आसपास होती. २०११ चा भाव परत दिसला २०२० च्या ऑगस्टमध्ये. वडील ती नऊ वर्षं पूर्ण बघू शकले नाहीत. मधेच बहिणीच्या लग्नाला निम्म्या भावात विकावी लागली.

चांदीची निम्म्याहून जास्त मागणी कारखान्यांची, त्यात सौर पॅनेल आलं, इलेक्ट्रॉनिक्स आलं. खाणीतून ती बहुतेक शिसं, जस्त, तांब्याबरोबर निघते. त्यामुळे भाव चढला म्हणून लगेच जास्त काढता येत नाही आणि पडला म्हणून थांबवताही येत नाही. म्हणून झोके मोठे.

सोनंही थांबतं, बरं का. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दहा ग्रॅमला चौतीस हजारांच्या घरात गेलं होतं, २०१९ च्या मध्याला पुन्हा तिथंच होतं. सहा वर्षं.

डीमॅट, पुणे

मुलाची बाजू थोडी मांडतो. ईटीएफच्या मागे तिजोरीत खरं सोनं ठेवलेलं असतं. त्यात घडणावळ नाही, घेताना जीएसटी नाही, फंडाचा खर्च तेवढा दरवर्षी कापला जातो. सरकारचे सुवर्णरोखे याहून चांगले होते. नोव्हेंबर २०१५ चा पहिला रोखा ग्रॅमला २६८४ रुपयांना होता, २०२३ मध्ये ६१३२ ला सुटला, वर वार्षिक व्याज. पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे आलेले नाहीत.

लॉकरचाही विचार करा. चोरी किंवा आग बँकेच्या चुकीने झाली तरी भरपाई वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच.

आणि घाई करायची ती इथे: निवृत्तांना पंचावन्नपासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात, पण निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत.

शाळेच्या बाई, तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फसवलं नव्हतं एवढं कळलं तरी फार बरं वाटलं. पाच लाख त्या ज्येष्ठ नागरिक योजनेसाठी उद्याच पोस्टात नेते. दोन लाखांची वेढणी घेईन, एकदम नाही, चार-पाच पुष्यांना मिळून. एक लाख मुलाच्या म्हणण्याप्रमाणे.

एकच विचारायचंय. आईच्या दोन पाटल्या आहेत, आत लाखच असणार. त्याही मोडून वेढणी करू का?

तराजू, सांगली

नको ताई. घट तर जाईलच, आणि तशी घडण आता सहज मिळायची नाही. हातात घाला. वहीत मात्र त्या पाटल्यांपुढे ‘लाखेसकट’ एवढं लिहून ठेवा.