फ्लॅश प्लेयरचा सेटअप मिळालाय, टाकू का?

मिरजकर: क्लासमधली फिजिक्सची जुनी अ‍ॅनिमेशन्स क्रोममध्ये उघडेनात, विश्रामबागेतल्या रिपेरीवाल्यानं पेनड्राइव्हवर फ्लॅशचा नवीन सेटअप दिलाय, म्हणतोय अँटिव्हायरस बंद करून टाका. टाकू का?

कृष्णाकाठ: अजिबात नको राव! फ्लॅश बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं ३१ डिसेंबर २०२० लाच सपोर्ट बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासनं प्लेयरमध्ये फ्लॅश चालणंच ब्लॉक केलं, मग हे 'नवीन' आलं कुठनं? अँटिव्हायरस बंद करा म्हणला तिथंच ओळखायचं की.

हळदमार्केट: रफल बघा, जुन्या फ्लॅश फाइली चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पण त्यांच्याच साइटवरनं घ्या.

मिरजकर: लोलकाचं चाललं! लेन्सचं नुसतं पांढरं दिसतंय.

कृष्णाकाठ: ते अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ मधलं (फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा) असेल, त्यातलं सगळं रफलवर अजून चालत नाही. आणि पेनड्राइव्हमधलं काही चालवून बघितलं असलं तर त्या पीसीवर बँकेचं लॉगिन नको, आधी पूर्ण स्कॅन.