पहिली परदेशी बॅकपॅकिंग ट्रिप: सगळं आधी बुक करायचं की मधले दिवस मोकळे ठेवायचे?

सह्यवाट
दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून पहिल्यांदाच पाठीवर बॅग टाकून व्हिएतनामला निघणाऱ्यांचे प्लॅन हल्ली सारखे वाचायला मिळतात. चौदा दिवस, सहा गावं, रोजची रात्र बुक, वर नॉन-रिफंडेबल, कारण तिथे तीनशे रुपये वाचतात. हा प्लॅन चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हवामान. 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामच्या, म्हणजे हुए, दा नांग, होई आन या पट्ट्याच्या जोरदार पावसाचा काळ. आपला मान्सून परत फिरतो तेव्हा त्यांचा रंगात येतो. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या काठावर, अगदी सखल भागात आहे. नदी फुगली की पाणी गल्ल्यांत शिरतं आणि तळमजल्याच्या खोल्या रिकाम्या कराव्या लागतात. त्याच आठवड्यात उत्तरेकडचे हनोई आणि निन्ह बिन्ह बहुधा कोरडे असतात, हवाही छान असते. ज्याने होई आनच्या चार रात्रींचे पैसे आधीच भरलेत तो पाण्यात उतरतो. ज्याने भरले नाहीत तो निन्ह बिन्हलाच दोन दिवस जास्त राहतो.

जाण्या-येण्याचं तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, पहिल्या दोन रात्री आणि परतीच्या फ्लाइटआधीची एक रात्र, एवढं पक्कं करा. बाकीचं हनोईत पोचून तीन दिवसांचा अंदाज बघून ठरवा.

परळपूल
असहमत. तुम्ही दिवाळी धरून नियम केलात. मुंबईतली बरीचशी कुटुंबं आणि कॉलेजची मुलं मे महिन्यात निघतात. 30 एप्रिल हा व्हिएतनामचा पुनर्मिलन दिन, 1 मे कामगार दिन. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून लोक निघतात, नेमकं तेव्हाच अख्खं व्हिएतनामही फिरायला निघालेलं असतं. तेतचं, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचंही तेच. 2027 मध्ये तेत 6 फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे रेल्वेची अवस्था गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी होते, शिवाय बरीच छोटी दुकानं आणि खाणावळी बंद असतात.

हनोई–दा नांग हे रेल्वेने साधारण 790 किलोमीटर, सोळा तासांच्या आसपास. चार बर्थच्या डब्यातले खालचे बर्थ आधी संपतात. मग उरतो सहा बर्थच्या डब्यातला सगळ्यात वरचा, जिथे ताठ बसताही येत नाही. पहिल्यांदा देशाबाहेर पडलेल्या माणसाने रात्री नऊ वाजता स्टेशनवर भाषा येत नसताना हे निस्तरायचं?

दुसरं, रजा मोजून मिळते. मोकळे दिवस म्हणजे रोज संध्याकाळचे दोन तास फोनवर हॉटेलं शोधण्यात घालवणं. त्या दोन तासांची किंमत कुणी धरत नाही.

ओहोटी
दोघेही मधल्या दिवसांवर भांडताय, पण ट्रिप मोडते ती कागदांवर. म्हणून सविस्तर लिहिते.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा हवा. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा काढता येतो. 36 पानी पासपोर्टचे साधे 1500 रुपये, तत्काळचे वर 2000. लोअर परळ, अंधेरी, मालाड या केंद्रांपैकी जिथली तारीख लवकर मिळेल तिथली घ्या. पत्ता बदलला असेल तर पोलिस पडताळणीचा वेळ धरा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो, एकदा प्रवेशाचे 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचे 50. फी परत मिळत नाही. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन आहे का ते बघा. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट घेतात.

आता मराठी माणसाची खास चूक. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. अर्ज भरताना लोक मधलं नाव गाळतात, कारण रोजच्या वापरात ते लिहायची सवय नसते. व्हिसावर नाव अपुरं आलं की चेक-इन काउंटरवरच अडवतात, आणि दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज, नवी फी, पुन्हा काही कामाचे दिवस. पासपोर्टच्या तळाशी ज्या बाणांच्या दोन ओळी असतात त्यातलं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. विमानाच्या तिकिटावरही तेच.

उतरण्याचा विमानतळ अर्जातच निवडावा लागतो. म्हणजे हनोई की हो ची मिन्ह सिटी हा निर्णय मोकळा ठेवता येत नाही, सह्यवाट. तारीख मात्र दोन दिवस आधीची टाका. व्हिसाच्या तारखेनंतर पोचलेलं चालतं, आधी पोचलेलं चालत नाही.

सह्यवाट
ओहोटी, नावाचा मुद्दा सोन्यासारखा आहे. उतरण्याचा विमानतळही मान्य, पण तो मी मोकळा ठेवायला सांगितलाच नव्हता.

परळपूल, मे आणि तेतला रेल्वे आधी काढा, हेही मान्य. पण दोन सणांसाठी वर्षभराचा नियम होत नाही. सप्टेंबर किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हनोईच्या जुन्या भागात आदल्या दिवशीही बेड मिळतो. आणि संध्याकाळचे दोन तास हा आकडा मोठा आहे. रात्रीपुरता बेड शोधायला वीस मिनिटं लागतात. त्यासाठी सहाच्या ऐवजी तीनच गावं ठेवायची. सहा गावं म्हणजे पाच प्रवास, प्रत्येकात अर्धा दिवस गेला धरा.

तागडी
पैशांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

आपल्या साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला बहुतेकदा 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क लागतं, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. साठ हजार खर्च केले तर 2,478 रुपये नुसते हवेत. बुकिंगमध्ये तीनशे वाचवणाऱ्यांनी आधी हे बघा. बिनमार्कअपचं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड निदान तीन आठवडे आधी घ्या. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर मूळचा बंद असतो. तो मुंबईत असतानाच चालू करा आणि एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन असे तिन्ही पर्याय वेगवेगळे तपासा. ओटीपी आपल्या सिमवर येतो, तेव्हा तिथलं ई-सिम घेतलं तरी भारतीय सिम फोनमध्ये रोमिंग चालू, डेटा बंद असं ठेवा. हे विसरलेला माणूस पैसे असून अडकतो.

एटीएमने ‘रुपयांत बदलून घेऊ का’ विचारलं तर नाही म्हणा, डाँगमध्येच, म्हणजे तिथल्या चलनातच व्यवहार करा. रोख थोडे डॉलर न्या, न घडी घातलेल्या, न फाटलेल्या नोटा. आणि एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा: 20,000 आणि 5,00,000 डाँगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत, दोन्हीवर हो ची मिन्ह. संध्याकाळच्या उजेडात टॅक्सीचं भाडं देताना अदलाबदल होते आणि फरक पंचवीस पटींचा. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, एवढं पुरतं.

परळपूल
मोकळ्या दिवसांतला सगळ्यात मोठा धोका अजून कुणी लिहिला नाही. प्लॅन नसलेला मुलगा हॉस्टेलमध्ये चार जणांचं ऐकतो आणि उत्तर व्हिएतनामातल्या ‘हा जियांग’च्या घाटात बाइक भाड्याने घेऊन निघतो. आपल्या आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट 1949 च्या जिनिव्हा करारानुसारचं असतं. व्हिएतनाम मानतं 1968 च्या व्हिएन्ना करारानुसारचं. म्हणजे ताडदेव किंवा अंधेरीच्या आरटीओत हजार रुपये भरून रीतसर काढलेलं परमिटही तिथे गिअरच्या बाइकला चालत नाही. भाड्याने देणारा काही विचारत नाही. पोलिसांचा दंड एकवेळ परवडेल, पण अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी ‘वैध परवाना नव्हता’ या एका वाक्यावर क्लेम नाकारते. हाड मोडलं, ऑपरेशन लागलं, तर तो खर्च घरच्यांच्या डोक्यावर.

जायचंच असेल तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जा. आणि इथेही पॉलिसीत दुचाकीच्या मागे बसणं धरलंय का ते मुंबईत बसून वाचा.

सह्यवाट
बाइकबाबत शंभर टक्के तुमच्या बाजूने. हे ठळक अक्षरांत वर हवं होतं.

पण मोकळेपणा बाइकवर नाही, बॅगेवर अवलंबून असतो. ट्रेकची 60 लिटरची सॅक घेतली की ती केबिनमध्ये जात नाही, मग प्रत्येक देशांतर्गत फ्लाइटला लगेज विकत घ्यायचं. स्वस्त विमान कंपन्यांची केबिन मर्यादा बहुधा 7 किलो आणि 56 × 36 × 23 सेंटिमीटरच्या आसपास असते. रिकामी 40 लिटरची बॅगच सव्वा ते दीड किलोची. उरले साडेपाच. त्यात चार जोड कपडे, हलकं जॅकेट, औषधं, चार्जर. एवढंच. चाळीस लिटरची बॅग वरपर्यंत ठासली की पोट फुगून 28 सेंटिमीटर होतं आणि मापाच्या चौकटीत अडकते, म्हणून वजनाबरोबर जाडीही मोजा. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन.

पॉवर बँक केबिनमध्येच न्या, 20,000 एमएएचची 74 वॉट-अवर होते, मर्यादा 100 ची. ट्रेकचा गॅस कॅनिस्टर केबिनमध्येही चालत नाही, चेक-इनमध्येही नाही.

मिठागर
दोन छोट्या गोष्टी. मुंबईहून बऱ्याच फ्लाइट मध्यरात्रीनंतर असतात. तिकिटावर शनिवार 00:40 असेल तर टी-2 ला शुक्रवारी रात्री साडेनऊपर्यंत पोचायचं. शनिवारी रात्री जाणारे दरवर्षी निघतात. काउंटर तासभर ते सव्वा तास आधी बंद होतो.

शाकाहारींनी ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेवा, हिंदीतल्या ‘चाय’सारखाच ऐकू येतो, तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, बरेच जण चाय जेवतात, त्यामुळे पर्याय वाढतात. तरी माशाचा सॉस नको हे वेगळं सांगावं लागतं.

परळपूल
मे आणि तेतसाठी माझं मत तेच. दिवाळीसाठी थोडं सरकतो: रेल्वे आणि हनोई पक्कं, हुए आणि होई आनची खोली रद्द करता येणारी, पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे. विमानतळावर इमिग्रेशनने राहण्याची सोय विचारली तर दाखवायलाही कागद असतो. फक्त रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेने मोजतात. व्हिएतनाम आपल्या दीड तास पुढे. मुदत मध्यरात्रीची असेल आणि तुम्ही अजून मुंबईत असाल, तर ती साडेदहालाच संपते.