मोगऱ्याचा चहा आणि आईची लोहाची गोळी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न आईचा आहे. वय ६८, हिमोग्लोबिन ९.६, महिन्याभरापासून लोहाची गोळी चालू. त्याच सुमारास भाऊ सिंगापूरहून आला तो जस्मिन टीचा डबा घेऊन. आईने झाकण उघडलं आणि म्हणाली, "अगं, हा तर मोगरा!" त्या दिवसापासून दुधाचा चहा बंद. याचा आनंदच आहे, कारण आधी दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असायची.

पहिल्या दिवशी तिने सवयीने आलं ठेचून टाकलं आणि चांगली खळखळून उकळी आणली. कडूजहर झाला! आता गॅस बंद करून पाणी जरा निवलं की मग पत्ती टाकते.

वास खरंच मोगऱ्याचाच असतो. चीनमध्ये फुजियान प्रांतातल्या फुचौ शहराची ही जुनी कला आहे. दुपारी खुडलेल्या कळ्या रात्री उमलायला लागल्या की ग्रीन टीच्या पत्तीत मिसळतात, सकाळी फुलं चाळून काढतात आणि पत्ती पुन्हा सुकवतात. भारी माल असेल तर हेच ताज्या कळ्या घेऊन पाच-सहा वेळा. म्हणजे कपात फूल जवळजवळ नसतंच. मग गुण काय आणि अवगुण काय, ते ग्रीन टीचेच ना? डब्यावर मात्र वजन, त्वचा, हृदय, सगळ्याची हमी दिलीय. घरच्या ग्रुपवरही "फुलांचा चहा म्हणजे औषधच" चाललंय.

माझी अडचण अशी की आई जेवण झालं की गोळी घेते आणि वर लगेच हा चहा. रात्री नऊलाही एक कप होतो, मग दोन वाजेपर्यंत कूस बदलत असते. चहा तोडायला सांगायचं जिवावर आलंय. काय करू?

आणखी एक. गॅलरीतला मोगरा आणि साधी ग्रीन टी स्टीलच्या डब्यात घालून मी घरी प्रयोग केला. तिसऱ्या दिवशी बुरशी आली. कुठे चुकलं?

प्रतिसाद १

ताई, मी फार्मसिस्ट आहे. चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. पण एकट्या जस्मिनला दोष देऊ नका, दुधाचा चहाही हेच करत होता. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी लिंबूपाण्यासोबत दिली तर उत्तम. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी. थायरॉइडची असेल तर ती सकाळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा नंतर.

रात्रीचा कप बंदच करा. वास कितीही शांतवणारा असला तरी पत्तीत कॅफीन आहे. आणि मुख्य म्हणजे या वयात हिमोग्लोबिन का उतरलं, हे डॉक्टरांनी शोधलंय का? पोटात कुठे थोडंथोडं रक्त जात नाही ना, यासाठी शौचाची तपासणी सांगितली नसेल तर स्वतःहून विचारा. चहाचं नंतर बघू.

प्रतिसाद २

बुरशी येणारच, फुलांत पाणी असतं. पत्ती ते ओढून घेते आणि झाकण लावलं की डबा आतून घामेजतो. फुलं एकच रात्र ठेवायची, तीही मलमलच्या फडक्यात बांधून. सकाळी काढून टाकायची आणि पत्ती मंद आचेवर कोरड्या तव्यावर हलवून कुरकुरीत करायची. बाजारातल्या गजऱ्याची फुलं अजिबात नकोत, त्यांवर फवारणी असते. आणि रात्रीसाठी एवढा खटाटोप कशाला? उन्हाळ्यात माठात मोगरा टाकतोच की आपण!

धागाकर्ती

दोघांचेही आभार. गोळी आता अकरा वाजता लिंबूपाण्याबरोबर, चहा साडेतीन वाजता. शौचाची तपासणी कुणी सांगितलीच नव्हती, उद्या नमुना देतोय. काल रात्री कोमट पाण्यात गॅलरीतली दोन फुलं टाकून कप आईच्या हातात दिला. तिने वास घेतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पत्ती संपली का गं?"