मदत हवी आहे: न्यूयॉर्कची हाय लाइन, आईचे गुडघे आणि वडिलांचे रूळ

माझे आईवडील मे महिन्याच्या अखेरीस भुसावळहून आमच्याकडे, न्यूजर्सीतील एडिसनला येत आहेत. वडील मध्य रेल्वेतून मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. प्रेक्षणीय स्थळांची यादी मी फोनवर वाचून दाखवली, तेव्हा प्रत्येक नावाला त्यांनी नुसते "बरं" म्हटले, परंतु मॅनहॅटनमध्ये मालगाडीच्या बंद पडलेल्या उन्नत मार्गावर 'हाय लाइन' नावाची बाग केली आहे आणि तिथे जुने रूळ अजून दिसतात, हे ऐकताच विचारले, "रूळ खरे आहेत, की शोभेला टाकलेत?" मला उत्तर देता आले नाही.

या मार्गाचा इतिहास मी त्यांच्यासाठी थोडा वाचून ठेवला आहे. पूर्वी १०व्या ॲव्हेन्यूवर मालगाड्या रस्त्यावरूनच धावत आणि इतके अपघात होत की लोक त्या रस्त्याला 'मृत्यूचा रस्ता' म्हणत. गाडीपुढे लाल झेंडी घेऊन चालणारा घोडेस्वार असे. त्यावर उपाय म्हणून बांधलेला उन्नत मार्ग १९३४ साली सुरू झाला, मालगाड्या थेट कारखान्यांच्या आत जाऊ लागल्या, पुढे ट्रकवाहतूक वाढली आणि १९८० साली शेवटची गाडी गोठवलेल्या टर्कीचे तीन डबे घेऊन गेली. मार्ग पाडण्याच्या बेताविरुद्ध १९९९ साली दोन रहिवाशांनी संस्था काढली आणि २००९ साली बागेचा पहिला टप्पा खुला झाला.

अडचण आईची आहे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती थांबत थांबत चालते, पण जिना नको म्हणते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना मी जुलैतल्या एका रविवारी दुपारी, काहीही चौकशी न करता तिथे घेऊन गेले. दिसेल त्या जिन्याने वर चढलो आणि दादरच्या पुलावर असावी तशी गर्दी लागली. झाडे राहिली बाजूला, पुढच्या माणसाची पाठ तेवढी पाहिली. तीच चूक पुन्हा करायची नाही, म्हणून विचारते: सुमारे २.३ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण चालणे आईला जमणार नसेल, तर कुठून चढावे आणि कुठे उतरावे? आणि वडिलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर काय?

प्रतिसाद

रूळ खरे आहेत. बाग करताना ते उचलून, प्रत्येकावर खूण करून नकाशावर नोंदले गेले आणि त्यांतील पुष्कळसे नंतर मूळ जागी परत बसवले. वडिलांना पायाखाली नीट पाहायला सांगा: काँक्रीटच्या लांब फळ्या टोकाला निमुळत्या होत वाफ्यात शिरतात आणि त्यांच्यामधून गवत व रूळ एकत्रच वर येतात.

चढायचे मात्र ३४व्या स्ट्रीटवरून, कारण तिथे जिना नाही, हळूहळू चढत जाणारा उतार आहे. एडिसनहून रेल्वेने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरल्यावर ३४व्या स्ट्रीटवरून पश्चिमेकडे जाणारी एम-३४ बस घ्यावी. ते अंतर आईंना चालायला लावू नये. लोक सहसा दक्षिणेच्या गन्सवोर्ट स्ट्रीटकडून सुरुवात करतात आणि इथवर येईपर्यंत दमतात, पण माझ्या मते तुमच्या वडिलांसाठी हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. मार्ग बंद असताना रुळांत आपोआप उगवलेले रान इथे बरेचसे तसेच राखले आहे आणि वळणावरून खाली लाँग आयलंड रेल रोड या उपनगरी रेल्वेचे चालू यार्ड दिसते. सकाळची गर्दी ओसरली की गाड्या तिथे येऊन उभ्या राहतात आणि संध्याकाळच्या गर्दीला पुन्हा निघतात, म्हणून कामाच्या दिवशी दहाच्या सुमारास जावे. बसायला जागा आहे, सावली जवळपास नाही.

पुढे ३०व्या आणि २३व्या स्ट्रीटवर लिफ्ट आहे, त्यामुळे आई दमल्या तर यांपैकी कुठेही उतरता येईल. त्यांना जमले तर १६व्या स्ट्रीटपर्यंत जा. तिथे मुख्य मार्गापासून फुटून जुन्या बिस्किट कारखान्याच्या इमारतीत शिरणारी सायडिंग अजून दिसते आणि स्वच्छतागृहही तिथेच आहे. मग १४व्या स्ट्रीटच्या लिफ्टने खाली या. सायकली आणि कुत्री वर चालत नाहीत, हे आईंना कळवा. माझ्या आईला त्याचाच सर्वांत आनंद झाला होता.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. सर्व वडिलांना वाचून दाखवले. सायडिंगपर्यंत जायचेच, असे त्यांनी जाहीर केले आहे. आईचे म्हणणे असे, की ती २३व्या स्ट्रीटला उतरून खाली चहा पीत बसेल आणि त्यांनी खुशाल सायडिंग सांभाळावी. आता एवढेच सांगावे, की त्या लिफ्टच्या जवळपास निवांत बसून चहा मिळेल अशी जागा कोणती?