मदत हवी आहे: काड्यांनी जमते, वहीत चुकते अशी हातच्याची वजाबाकी

दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग, 11 मुलं, शिक्षक एकच. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधलेले आहेत. 52 − 27 करताना मुलं एक गठ्ठा सोडतात, 12 सुट्या काड्यांतून 7 उचलतात, मग दोन गठ्ठे बाजूला ठेवतात. उत्तर 25, अगदी बिनचूक. तेच गणित उभ्या मांडणीत वहीत आलं की 35! एककात 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून 7 मधूनच 2 वजा करून मोकळी होतात. काहीजण 12 करतात, पण दशकाचे 5 खोडून 4 लिहायचे राहतात आणि पुन्हा 35च येतात.

नुसता नियम पाठ करून घ्यायचा नाही, तो टिकत नाही. काड्या आणि आकडे यांच्यामध्ये कोणती पायरी घ्यावी? गठ्ठ्यांची चित्रं वहीत काढून घेतली तर किती दिवस? तेवढा वेळ तिसरीला स्वतःहून करता येईल असं काय द्यावं?