झऱ्याचं पाणी मध्येच का अडतं

झऱ्याचं पाणी नळीने जंगलातल्या घरापर्यंत आणलं की पंपाची कटकट संपते, असं बरेच जण म्हणतात. उतार असेल तर खरंच संपते. दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. पण नळी चढउतारावरून तशीच अंथरली तर उंचवट्यांवर हवा अडकते आणि झरा भरून वाहत असतानाही तोटी कोरडी राहते. मग लोक कचरा अडकलाय समजून नळी ठिकठिकाणी कापतात. कृपा करून तसं करू नका. प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) जोडून हवा सोडायला छोटा कॉक बसवा. घरची तोटी बंद ठेवून झऱ्याजवळचा कॉक आधी उघडा. फुसफुस थांबून सलग धार लागली की तो बंद करून पुढचा. कुठलाच माथा झऱ्याच्या पातळीपेक्षा वर नको.

नळीचं तोंड पाण्यात निदान वीतभर खोल हवं, नाहीतर तिथूनच हवा ओढली जाते. तळाला टेकवलंत तर गाळ येतो. आणि तोंडावर सपाट जाळी नको, पानगळीत एकच मोठं पान ती झाकून टाकतं. तोंडाकडच्या हातभर नळीला सगळ्या बाजूंनी भोकं पाडून त्यावर जाळी गुंडाळा.